‘बालविवाह रोखला’ इथवर छापता, पुढचं पण छापा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या आतल्या पानावर बातमी होती, बालविवाह रोखण्यात यश म्हणून. सोबत फोटो. मांडवाच्या कमानीखाली सात-आठ जण उभे, पोलीस, ग्रामसेवक, अंगणवाडीच्या ताई, कुठल्यातरी संस्थेचे दोघं, आणि एका कडेला पोरगी, हळदीच्या अंगानं, मान खाली. तिचा चेहरा तुम्ही धूसर केलाय, ते बरं केलं, पण बातमीत तिच्या गावाचं नाव आहे, तालुका आहे, नवरदेवाचं गाव आहे, आणि ती आठवीत कोणत्या शाळेत आहे ते पण आहे. दीडशे उंबऱ्याच्या गावात आठवीत पोरी असतात किती, चार नाहीतर पाच. त्यातली हळद लागलेली एकच. मग चेहरा पुसून लपलं काय?

बाल न्याय कायद्याचं (२०१५ चा) कलम ७४ तुमच्या ऑफिसात कुणीतरी वाचलेलं असेलच. नाव, पत्ता, शाळा, ज्याच्यावरनं लेकरू ओळखू येईल असं काहीच छापता येत नाही, छापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी केस करायला बसलेली नाही. पण त्या पोरीला आता शाळेत परत जायचंय (जाऊ दिलं तर) आणि वर्गात सगळ्यांनी ती बातमी मोबाईलवर बघितलेली असणार, एवढं तरी ध्यानात घ्या.

आता मुद्द्यावर येते. पत्र लांबणार आहे, जमलं तर कापू नका.

मी बीड जिल्ह्यातली, ऊसतोड कामगाराची मुलगी. सध्या चिंचवडला एका लॅबमध्ये काम करते. आमच्याकडं असा मांडव मोडलेला मी स्वतः बघितलाय, माझ्या मावसबहिणीचा. ती पंधरा वर्षांची होती, नववीत. कुणीतरी फोन केला, बहुतेक शाळेतल्या सरांनी, आणि हळदीच्या दिवशी गाडी आली. मावशी आणि काकांना ठाण्यात नेलं, कागदावर लिहून घेतलं की मुलगी अठराची होईपर्यंत लग्न लावणार नाही, खाली सही आणि अंगठा, फोटो काढला, गाडी गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. बरोबर नवव्या दिवशी जिल्ह्याच्या हद्दीपलीकडं एका पाहुण्याच्या गावात रात्री देवळात चार लोकांत लग्न लागलं. वाजंत्री नाही, पत्रिका नाही, म्हणून कुणाला पत्ता नाही. दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर कर्नाटकात ऊसतोडीच्या फडावर होती. ती बातमी कुणी छापली नाही, कारण तिथं पथकच नव्हतं तर फोटो कोण काढणार.

म्हणून ‘रोखला’ हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं. पुढं ढकलला म्हणा, गाव बदललं म्हणा.

आणि कायद्यात सोय नाही असं पण नाहीये. नुसतं हमीपत्र घेऊन सोडून देणं हा आपण काढलेला शॉर्टकट आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात कलम १३ आहे, त्यात मॅजिस्ट्रेटकडनं मनाई हुकूम घेता येतो, आणि तो हुकूम असताना लग्न लावलं तर ते लग्न मुळातच रद्द धरतात, लागलंच नाही असं. देवळात लावा नाहीतर शेतात लावा. आणि जिचं लग्न लावायचं चाललंय ती मुलगी बाल न्याय कायद्यात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे, म्हणजे तिला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढं न्यायला पाहिजे, तिच्याशी कुणीतरी एकटीशी बोललं पाहिजे, घरी पाठवायची की नाही ते समितीनं ठरवलं पाहिजे. तुमच्या बातमीत समितीचं नाव शोधून बघा. मला दिसलं नाही. हुकूमाचं पण काही नाही. ‘पालकांचे समुपदेशन करण्यात आले’ हे मात्र आहे, ते नेहमीच असतं.

अजून एक गोष्ट सांगते जी मला स्वतःला फार उशिरा कळली. लहानपणी लावलेलं लग्न मुलीला नको असेल तर ती कोर्टात जाऊन रद्द करून घेऊ शकते, पण अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षांच्या आतच, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत. माझ्या बहिणीला हे मी सांगितलं तेव्हा ती बावीसची होती, दोन लेकरं, एक कडेवर. ती हसली. म्हणाली, आता सांगतीस व्हय. त्यानंतर मी तिला कायद्याचं काही सांगायला गेले नाही.

लोकं म्हणतात आईबाप अडाणी, मुलीचं ओझं वाटतं. पुण्यात ऑफिसमधल्या मैत्रिणी पण हेच म्हणतात. मग मला त्यांना ‘कोयता’ म्हणजे काय हे सांगावं लागतं. आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नसतं, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम (मजुरांची टोळी पुरवणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता, उचल पण अर्धी. आता ज्या घरात लग्नाचा मुलगा आहे, अंगावर मागच्या हंगामाची फिटलेली नाही ती उचल आहे, त्या घरात सून आली की लगेच अजून एक पूर्ण कोयता तयार. म्हणजे लग्न हीच मजुरांची भरती झाली. तिचं वय मुकादम विचारत नाही आणि कारखान्याच्या वजनकाट्यावर तर फक्त ऊस चढतो.

दुसरी बाजू मुलीच्या घरची. हे लिहायला मला अवघड जातंय पण लिहिते. फडाजवळ कोपी असते, बांबू, पाचट, वर ताडपत्री. तिला दार नसतं. पहाटे उठून अंधारात आंघोळ उरकायची, दोन बाज उभ्या करून त्यांच्यावर लुगडं टाकायचं तेवढाच आडोसा. आईबाप पहाटे चारला फडात जाणार, कधी रात्री गाडी भरायला उठणार. वयात आलेली पोरगी कोपीत एकटी, सोबतीला लहान भाऊ. ट्रॅक्टरवाले, मुकादमाची माणसं, गावातली रिकामी पोरं, कुणी पण येतंजातं. काही झालं तर तक्रार कुणाकडं करायची, ज्याची उचल घेतलीये त्याच्याकडं? तिथलं पोलीस ठाणं कुठंय ते पण माहीत नसतं, आणि तिकडं गेलं तर हंगामाचं काय. मग बाप म्हणतो, हिला मागं ठेवावं तर सांभाळायला कोण, सोबत न्यावं तर ही अशी गत, त्यापेक्षा उजवून टाकलेली बरी. माझ्या काकांनी हेच वाक्य म्हटलं होतं. ते वाईट माणूस नव्हते. चुकले, पण वाईट नव्हते.

आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१ चं. वीस ते चोवीस वयाच्या बायकांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के. बीडमध्ये ४३.७ टक्के, परभणीत तर ४८. म्हणजे पुणे-मुंबईच्या सरासरीत आमचा जिल्हा झाकून जातो. आणि २०१९ मध्ये गर्भपिशव्या काढल्याचा विषय गाजला, सरकारी पाहणीत बीडच्या ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, तेव्हा दवाखान्यांवर चर्चा झाली आणि ती व्हायलाच पाहिजे होती, पण त्यातल्या कितीतरी बायकांचं लग्न चौदा-पंधराला, लेकरं विशीच्या आत, मग अंगावरचे आजार, आणि खाडा पडला की पैसे कापले जाणार म्हणून पिशवीच नको, हा धागा कुणी मागं नेऊन बघितला नाही.

मी कशी वाचले ते सांगते, कारण पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे.

पहिली तीन वर्षं मी पण आईबापाबरोबर जायचे. काम काय, तर लहान भावाला सांभाळणं, पाणी आणणं, वाढं गोळा करून पेंढ्या बांधणं. वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा, जनावरांसाठी विकतात, त्यावर आमचा किराणा चालायचा. बाजारात चार पैसे मिळतात म्हणून ते लेकरांचंच काम समजतात. एका हंगामात कारखान्याच्या तळावर पत्र्याची साखरशाळा (ऊसतोडीवर आलेल्या लेकरांची शाळा) होती, तिथं मी बाराखडी शिकले, भावाला मांडीवर घेऊन. पुढं २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि साखरशाळा हळूहळू बंद पडत गेल्या, कारण कायद्यानं सगळी मुलं नेहमीच्याच शाळेत पाहिजेत. कागदावर अगदी बरोबर. पण नेहमीची शाळा फडापासून चार किलोमीटर, फड दर आठ दिवसांनी हलतो, आणि कर्नाटकात असाल तर शाळा कन्नड. हमी कार्ड दिलं म्हणतात लेकरांना, ते दाखवलं की कुठल्याही शाळेत बसवून घेतात. कार्ड दाखवायला तिथवर जाणार कोण आणि कोपीतलं तान्हं कोण बघणार?

तिसरीनंतर माझ्या आजीनं मला मागं ठेवून घेतलं. आजीला एका डोळ्यानं दिसत नव्हतं. गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह होतं, म्हणजे शाळेतच दोन वेळचं जेवण आणि अभ्यासाला खोली, झोपायला मी आजीकडं. त्यावर मी दहावी झाले. माझ्या वर्गात दिवाळीच्या सुट्टीआधी एकवीस पोरं-पोरी असायच्या आणि सुट्टीनंतर नऊ. मागं राहिलेल्या आम्ही चार मुली होतो, चौघींपैकी एकीचं पण अठराच्या आत लग्न झालं नाही. एक तर अजून करायचंच नाही म्हणते, नर्स आहे लातूरला. आणि ज्या गेल्या त्यांच्यातल्या बहुतेकींच्या गळ्यात पुढच्या दोन-तीन हंगामांत मंगळसूत्र दिसलं. हा काय सर्व्हे नाही, एका गावातल्या एका वर्गाची गोष्ट आहे, पण मला जे कळलंय ते एवढंच आहे, जी मुलगी दिवाळीनंतर गावातच राहते तिचं लग्न लांबतं.

आता गंमत बघा. हे हंगामी वसतिगृह सुरू कधी व्हायचं? पंचायत समितीतनं मंजुरी, मग याद्या, मग शाळा समितीचं खातं, मग निधी, हे सगळं होता होता आमच्या वेळी एका वर्षी डिसेंबर उजाडला होता. गाड्या गेलेल्या दिवाळी होताच. मग डिसेंबरात वसतिगृहात राहणार कोण, ज्यांची आजी आहे ती. ज्यांना कुणीच नाही ती लेकरं तर कधीच टायरगाडीत बसून गेली. माझी मावसबहीण तशीच गेली होती, तिला आजी नव्हती, एवढाच फरक तिच्यात आणि माझ्यात. अजून पण तीच रड आहे असं गावाकडनं शिकवणारी ओळखीची माणसं सांगतात, आणि मुलींसाठी रात्री मुक्कामाला बाई नसते, म्हणून आईबाप ठेवायला तयार होत नाहीत.

वास्तविक स्थलांतर काय पूर नाही अचानक यायला. मुकादम पावसाळ्यातच उचल वाटतो, कोणता कोयता कोणत्या टोळीत आणि कोणत्या कारखान्याला हे पोळ्याच्या आसपास गावात सगळ्यांना माहीत असतं. मुकादमाच्या वहीत यादी तयार असते. तीच यादी मुख्याध्यापकांकडं सप्टेंबरात का येऊ शकत नाही? कारखान्याचं गाळप सुरू होतं त्याची तारीख सरकार ठरवतं, मंत्री समितीची बैठक होते, पेपरात हेडिंग येतं. वसतिगृहाची तारीख मात्र कुणी ठरवत नाही. माझी मागणी तेवढीच आहे, गाळप सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी वसतिगृहात पहिलं जेवण शिजलं पाहिजे, नाहीतर त्या तालुक्यातनं गाड्या सोडू नका. हे जास्त होतंय असं वाटेल. वाटू द्या.

पैसा नाही असं तरी कुणी म्हणू नये. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांचं महामंडळ आहे, त्याच्यासाठी टनामागं दहा रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारनं द्यायचं ठरलंय. २०२१-२२ च्या हंगामात राज्यानं १३ कोटी टनांच्या वर ऊस गाळला, दहानं गुणा. एका बाजूचेच १३० कोटी होतात. संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना पण आली, तालुक्याच्या गावाला मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. चांगली योजना आहे, मनापासून म्हणते. पण तिथं मावणाऱ्या जागा शेकड्यात आणि जाणारी लेकरं हजारोंनी, त्यामुळं गावातल्या हंगामी वसतिगृहाला पर्याय नाही.

कारखाने यात कुठंच सापडत नाहीत, हे पण लिहिते. ते म्हणणार आमचा करार मुकादमाशी, मजूर आमचे नाहीत. मुकादम म्हणणार मी लेकरांना कुठं उचल दिली. आईबाप म्हणणार पोरगं आमच्या हाताखाली करतंय. आणि २०१६ ला बालमजुरीचा कायदा बदलला त्यात चौदाच्या आतल्या मुलांना घरच्या कामात, शाळा सुटल्यावर मदत करता येते अशी फट ठेवलीय, त्याच्यात हे सगळं बसवतात. ऊसतोड हा काय आमचा घरचा धंदा आहे का हो? ऊस बागायतदाराचा, साखर कारखान्याची, उचल मुकादमाची, आमचं फक्त मनगट. दुसऱ्याच्या फडात मोळ्या वाहणारी दहा वर्षांची पोरगी घरकामात मदत करत नसते. आणि शाळा सुटल्यावर म्हणजे कधी, ज्या शाळेत ती गेलीच नाही तिच्या सुटण्याची वेळ कोणती?

हे फक्त ऊसतोडीचं पण नाही. २०२२ साली इगतपुरीकडच्या कातकरी वस्तीतली लेकरं नगर जिल्ह्यात मेंढपाळांकडं राबायला ठेवलेली निघाली, थोडे हजार रुपये आणि एखादी मेंढी एवढ्यावर. त्यातली एक दहा-अकरा वर्षांची मुलगी मेली तेव्हा ते बाहेर आलं. वेठबिगारीवर १९७६ पासून कायद्यानं बंदी आहे. तिथं पण तेच, ती लेकरं वर्ष-दोन वर्षं शाळेत नव्हती आणि ती का नाहीत हे विचारत कुणी वस्तीवर गेलं नव्हतं. पट ओढत ठेवायचा, नाव कमी करायचं नाही, हजेरी लावायची, म्हणजे आकडा छान दिसतो.

ग्रामसेवकांवर पण सगळं ढकलू नका. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं म्हणे). एकाच माणसानं घरपट्टी वसूल करायची, घरकुलाच्या याद्या करायच्या, सरपंचाबरोबर रोज बसायचं, आणि त्याच सरपंचाच्या भावकीतलं लग्न मोडायचं. कोण मोडेल? मी त्याच्या जागी असते तर मी पण त्या दिवशी रजा टाकली असती. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२४ ला याच विषयावर मोठा निकाल दिला, त्यात जिल्ह्याला फक्त हेच काम बघणारा अधिकारी नेमा असं सांगितलंय, दुसरी कामं त्याच्या गळ्यात नकोत. आपल्या जिल्ह्यात नेमला का, त्याचं नाव आणि फोन नंबर काय, ही बातमी तुम्ही केली तर मी कात्रण काढून ठेवीन.

१०९८ बद्दल पण एक, म्हणजे लेकरांच्या मदतीच्या हेल्पलाइनबद्दल. चांगला नंबर आहे, १९९६ पासून मुंबईत सुरू झालेला, मी स्वतः दोनदा लावलाय. पण गावात फोन कुणी केला हे संध्याकाळपर्यंत कळतं, कारण गाडी आली की पहिला प्रश्न तोच असतो, आणि आलेल्यांपैकीच कुणीतरी बोलून जातं, तुमच्याच गावातनं फोन आला म्हणून. आमच्या त्या सरांची पुढच्या वर्षी बदली झाली. मागून घेतली म्हणे. त्यांच्या घराच्या खिडकीची काच कुणी फोडली ते कधीच निघालं नाही. म्हणून बातमीत ‘एका जागरूक शिक्षकाने माहिती दिली’ असं कौतुकानं छापू नका. गावात शिक्षक दोन असतात.

आणि पोरीचं काय झालं ते बघायला कुणीतरी परत जा. महिन्यानं, सहा महिन्यांनी, आणि मुख्य म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला. तुमच्या वार्ताहराकडं त्या गावाचा पत्ता आहेच. नाव न छापता, गाव न छापता एवढंच छापा, की जिचा विवाह रोखला होता ती मुलगी आज तिच्या वर्गात बसलेली आहे किंवा नाही. ‘नाही’ असेल तर ती कुठल्या कारखान्याच्या फडावर आहे ते शोधायला फार वेळ लागत नाही, मुकादमाला विचारा, त्याच्या वहीत असतं.

माझं नाव छापू नका. मावशी अजून त्याच गावात राहते, आणि बहीण यंदा पण जाणार आहे. तिची थोरली आता सहावीत गेली. मी तिला म्हटलंय, पोरीला माझ्याकडं चिंचवडला पाठव, ती म्हणते बघू, वसतिगृह लवकर सुरू झालं तर इथंच ठेवीन, माझ्या डोळ्यापुढं नाही पण माझ्या गावात तरी राहील. मुख्याध्यापकांना विचारलं तर ते म्हणाले अजून वरनं पत्र नाही. दसरा वीस दिवसांवर आलाय. जमलं तर तेवढं तुमच्याकडनं पंचायत समितीत विचारून बघा, तालुका सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलाय, तो पण छापू नका.

आपली,
एक वाचक, चिंचवड